न काढलेला फोटो

रस्त्याकडेच्या जाहिरातफलकावर चकाकणारी मोटार तुम्ही पाहता. तिचा फोटो कुणी काढलेलाच नाही, असं मी सांगितलं तर? अनेकदा ती संगणकावर घडवलेली असते. माझं काम त्याच्या आधीचं, खऱ्या गाडीची मापं लेसरनं टिपण्याचं.

१९७२ मध्ये अमेरिकेत युटा विद्यापीठात आयव्हन सदरलँड यांच्या विद्यार्थ्यांनी एका फोक्सवॅगन बीटलच्या अंगावर रेघा आखल्या आणि ती हातानं मोजून संगणकात उतरवली. आता लेसर मोजतो. लाखो बिंदू जमतात, त्यांतून आकार उभा राहतो. गंमत अशी, की ज्या चकाकीसाठी हा सारा खटाटोप, तीच लेसरला चकवते. किरण भलतीकडेच परावर्तित होतो. म्हणून गाडीवर पांढरी भुकटी फवारतात. कोरी गाडी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसते! पुढे जागेचे चौफेर फोटो घेऊन तिथला उजेड त्या आकारावर पाडतात, आणि पत्र्यात आभाळ उमटतं.

कारखान्याचे आराखडे असताना हे कशाला? आराखड्यातली गाडी फार निर्दोष असते. डोळ्याला ती खोटी वाटते.

एकदा मोजणीत डाव्या दाराची फट उजव्यापेक्षा जराशी रुंद निघाली. "सारखी करा," जाहिरातवाले म्हणाले. मी केली. फारसा वेळही लागला नाही. ते चित्र वर्तमानपत्रात पानभर छापून आलं, वडिलांनी कौतुकानं जपून ठेवलं. मी मात्र रस्त्यात ती गाडी दिसली, की अजून आधी डाव्या दाराकडे बघतो.