परक्या घरातील मैत्र
(भाषणाचा मजकूर)



कोराडी म्हटले की वीजकेंद्राची धुराडी, तलाव आणि श्री महालक्ष्मी जगदंबेचे मंदिर डोळ्यांसमोर येते. वीजकेंद्राच्या निमित्ताने कोठकोठली कुटुंबे येथे आली व स्थायिक झाली. शेजारच्या घरी सण कसा होतो, ताटात काय वाढले जाते, हे येथील मुले लहानपणापासून पाहत आली आहेत. तरीही मुलगा किंवा मुलगी सांस्कृतिक आदानप्रदानाच्या कार्यक्रमातून परदेशी जाणार असे ठरले की घरात पहिला प्रश्न विमानभाड्याचा निघत नाही. तेथे खाईल काय आणि कोणाच्या संगतीत राहील, हा निघतो. आजीच्या तोंडून तर तो हमखास निघतो, आणि त्यात वावगे काही नाही.

रोटरीच्या युवा आदानप्रदान योजनेत साधारणतः १५ ते १९ वर्षे वयाचे विद्यार्थी परदेशी कुटुंबात राहतात. दीर्घ मुदतीच्या योजनेत पूर्ण शालेय वर्ष काढावे लागते आणि बहुधा एकाहून अधिक कुटुंबांत राहावे लागते. राहण्याजेवणाची सोय यजमान करतात; विमानभाडे व विमा पालकांकडे. म्हणजे वसतिगृहात आपल्या गावच्या चार मुलांत मिसळून दिवस काढण्याची सोय येथे नाही. परक्या माणसांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्याच टेबलाशी बसावे लागते. मैत्री व्हायची ती तेथेच होते, आणि अडचण यायची तीही तेथेच.

पथ्य पाळणारा मुलगा एकटा पडतो, असा एक समज आहे. १८८८ साली मोहनदास गांधी विलायतेस निघाले, तेव्हा त्यांच्या आईची समजूत घालण्यासाठी बेचरजी स्वामी या जैन साधूंनी त्यांच्याकडून प्रतिज्ञा करवून घेतली होती. मांस, मद्य आणि परस्त्री यांना स्पर्श करणार नाही, अशी ती प्रतिज्ञा. लंडनमध्ये सुरुवातीचे दिवस अक्षरशः अर्धपोटी गेले. स्नेही म्हणवणाऱ्यांनीही मांसाहाराचा आग्रह धरला. पुढे फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह सापडले. त्याच्या दाराशी हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरील पुस्तक मिळाले, आणि शाकाहारी मंडळाची ओळख झाली. १८९० मध्ये ते त्या मंडळाच्या कार्यकारिणीत होते. बेजवॉटर भागात त्यांनी शाकाहारी क्लब काढला, तेव्हा अध्यक्ष डॉ. ओल्डफील्ड होते व उपाध्यक्ष सर एडविन अर्नोल्ड; चिटणीस स्वतः गांधीजी. ज्या पथ्यामुळे तरुण परका पडेल अशी भीती होती, त्याच पथ्याने त्याला इंग्रज स्नेही मिळवून दिले.

महाराष्ट्रातील उदाहरण याहून थोडे जुने आहे, आणि अधिक हृद्य. आनंदीबाई जोशी यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे, परंतु त्यांच्या मैत्रीची कथा तितकी सांगितली जात नाही. गोपाळराव जोशी कोल्हापुरास पोस्टात असताना पत्नीच्या शिक्षणासाठी साह्य मागणारे पत्र त्यांनी वाइल्डर या मिशनऱ्यास लिहिले. धर्मांतर केल्यास मदत होईल, असा सूर तिकडून निघाला आणि पत्रव्यवहार मासिकात छापला गेला. १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणी दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असता ते मासिक त्यांच्या हाती पडले. त्यांनी आनंदीबाईंना पत्र पाठविले. कोणतीही अट घातली नाही.

पुढे तीन वर्षे पत्रे चालली. त्यांत सणवार, व्रते, घरातील चालीरीती, लग्ने, औषधे असे सारे विषय आले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथे (हे बंगालमधील, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नव्हे) त्यांनी जाहीर भाषण केले. आपण हिंदू म्हणून जाणार आणि परतल्यावर हिंदू म्हणूनच राहणार, हे त्यांनी सभेपुढे इंग्रजीतून स्पष्ट केले. ७ एप्रिल रोजी कोलकात्याहून जहाज सुटले. वय १८ वर्षे. सोबत पती नव्हते. ४ जूनला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या, तेव्हा परक्या देशात जिला भेटायचे ती बाई परकी राहिली नव्हती.

कपड्याचा प्रश्न त्यांनी सोडविला तो पाहण्यासारखा आहे. नऊवारी नेसल्यावर पोटऱ्या उघड्या राहतात. तेथे ते विचित्र दिसले असते, आणि थंडीही बाधली असती. त्यांनी पायघोळ गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास सुरुवात केली. नेसण बदलले, साडी कायम राहिली. आहारही शाकाहारीच ठेवला. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात जपानच्या केइको ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली याही शिकत होत्या. १८८५ च्या ऑक्टोबरमधील एका छायाचित्रात तिघी आपापल्या देशाच्या वेशात शेजारी शेजारी आहेत.

तथापि या कथेची दुसरी बाजू पालकांपासून लपवू नये. तेथील थंडी आणि अभ्यासाचा भार यांत आनंदीबाईंची प्रकृती खालावत गेली. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूकही झाली. परंतु काम हाती घेण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. वयाची २२ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांनी ती ठेवली. एका अमेरिकन घराने मराठी मुलीला आपल्या पूर्वजांच्या शेजारी जागा दिली. सख्ख्या नात्यातही इतके सहज घडत नाही.

म्हणून व्रताइतकीच देहाची काळजी घेतली पाहिजे. साडीखाली किंवा सदऱ्याखाली लोकरीचे कपडे घातल्याने वेशाची शोभा उणावत नाही. अंडे चालत नाही, कांदा-लसूण चालत नाही, कंदमूळ चालत नाही, एवढीच यादी यजमानांना दिली तर त्या बिचाऱ्यांनी करावे काय? डाळ, भात, दूध, फळे, सुका मेवा, कडधान्ये यांतले काय चालते, याची यादी आधी द्यावी. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम असेल तर तिकडचे दिनमान पाहून ठेवावे. लंडनला जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. मुलगा निवांत जेवेल. डिसेंबरमध्ये मात्र चार वाजण्यापूर्वीच सूर्यास्त होतो, आणि तेव्हा मुलगा शाळेतून जेमतेम घरी येत असेल. त्या महिन्यांत काय करायचे, हे घरच्या वडीलधाऱ्यांनी मुलाशी बोलून निघण्यापूर्वीच ठरवावे. यजमानांना सविस्तर पत्र विद्यार्थ्याने स्वतः लिहावे, वडिलांनी नव्हे. आणि त्या पत्रात त्यांच्या घरचे सण, त्यांची पथ्ये, त्यांच्या आजी-आजोबांची विचारपूसही असावी.

आदानप्रदानात परतफेडीचा भागही असतो. तिकडचा मुलगा किंवा मुलगी उद्या कोराडीतील घरात राहावयास येईल. मे महिन्यातील नागपूरचे ऊन त्याला सोसवेल का, याचा विचार यजमानाने करावयाचा आहे. पाणी गाळून का घेता, संध्याकाळी इतक्या लवकर का जेवता, पर्युषणात उपवास कशासाठी, असे तो विचारील. ‘आमच्यात असेच असते’ एवढ्या उत्तराने त्याचे समाधान होणार नाही. घरातील मुलांनीही हेच प्रश्न अनेकदा विचारलेले असतात.