काचेची पाटी

दसऱ्याच्या दिवशी दगडी पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून तिला झेंडूचे फूल वाहिल्याची आठवण हे भाषण ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना असेल. इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली अशा ठिकाणच्या मराठी घरांतूनही ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्या पाटीला लाकडी चौकट असे, एका बाजूला तारेत ओवलेले रंगीत मणी असत, आणि तिच्या अंगी असा एक गुण होता की, ज्याची किंमत आम्हांला तेव्हा कळली नाही. तिच्यावर चुकलेले पुसता येत असे. वहीत चूक झाली की ती राहते. खोडली तरी खाडाखोड दिसतेच, आणि वर तिच्याभोवती लाल वर्तुळ पडते. पाटीवरून मात्र ओल्या बोळ्याचा एक हात फिरला की मूल पुन्हा आरंभ करावयास मोकळे. त्याही पूर्वी धूळपाटी होती. फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने अक्षर काढायचे, आणि फळी हलवली की अक्षर गेले.

आज ज्या वस्तूविषयी मला बोलावयाचे आहे, ती याच घराण्यातली आहे असे मी मानतो. इंग्रजीत तिला टॅब्लेट म्हणतात, आमच्या शाळेत सर्व जण टॅब म्हणतात. मूळ शब्दाचा अर्थही लिहिण्याची लहान पाटी असाच आहे. अर्थात हे सर्वांच्या लक्षात येतेच असे नाही. लोकवर्गणी काढून शाळेसाठी टॅब्लेट घ्यावयाच्या आहेत, असे मी गावच्या सभेत सांगितले, तेव्हा एका वृद्ध गृहस्थांनी काळजीने विचारले होते, "गुरुजी, पोरांना गोळ्या कशाला? काही साथबिथ आली आहे का?"

ही गोष्ट २०१८ सालची. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका द्विशिक्षकी शाळेत मी तिसरी व चौथी असे दोन वर्ग एकाच खोलीत शिकवीत होतो. मुले सत्तावीस आणि टॅब पाच. त्या पाचांमध्ये एका कंपनीने तयार केलेले धडे भरलेले होते. पडद्यावर प्रश्न येई, खाली चार उत्तरे येत. बरोबर उत्तरावर बोट ठेवले की हिरवी खूण उमटे आणि टाळ्या वाजत. वर्गात विलक्षण शांतता पसरली. दोन वर्ग एका खोलीत सांभाळणाऱ्या शिक्षकाला शांततेचे मोल किती वाटते, हे त्यालाच ठाऊक! मी कृतार्थ झालो. पाहुणे येत, फोटो काढीत, परत जात.

पुढे एके दिवशी मी एका मुलाच्या मागे जाऊन उभा राहिलो. तो प्रश्न वाचतच नव्हता. हिरवी खूण उमटेपर्यंत चारही उत्तरांवर तो क्रमाने बोट ठेवीत होता. त्याच्या वेगाचे मला कौतुक वाटले हे खरे, परंतु भागाकाराशी त्या वेगाचा काडीचाही संबंध नव्हता. मुलाने यंत्राचा स्वभाव ओळखला होता. यंत्राला मात्र मुलाचा पत्ता नव्हता.

असे का होते, याचा शोध घेऊ लागलो तेव्हा कळले की, या वस्तूची कल्पना ज्यांनी प्रथम केली त्यांच्या मनात काही निराळेच होते. अ‍ॅलन के या अमेरिकन संशोधकाने १९७२ साली एक लेख लिहिला. संगणक तेव्हा खोलीभर जागा अडवीत असत. या गृहस्थाने वहीएवढ्या, मांडीवर घेता येईल अशा संगणकाचे चित्र रेखाटले, आणि तेही मुलांसाठी. त्या लेखात नऊ वर्षांची दोन मुले गवतावर पडून अवकाशयानांच्या लढाईचा खेळ खेळतात आणि त्या खेळात सूर्याचे आकर्षण आणावे म्हणून खेळच बदलावयास निघतात. खेळ बदलणे हेच तेथे शिक्षण आहे. अ‍ॅलन के यांना हे सुचले ते बऱ्याच अंशी सेमूर पॅपर्ट यांचे काम पाहून. पॅपर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी १९६७ साली लोगो नावाची मुलांसाठीची संगणकभाषा सिद्ध केली. तिच्यात मूल एका कासवाला आज्ञा देते: इतके पुढे जा, इतके वळ. चौकोन हवा असताना भलतेच काही उमटले की कोठे चुकले ते मूल स्वतःच शोधते. संगणकाने मुलाला चालवायचे की मुलाने संगणकाला, हा पॅपर्ट यांचा जन्मभराचा प्रश्न होता. आमच्या वर्गात त्याचे उत्तर उलटे निघाले होते.

नुसती यंत्रे वाटून काय होते, याचाही अनुभव जगाच्या गाठी आहे. प्रत्येक मुलाला लहान संगणक द्यावा अशी एक मोठी चळवळ २००५ नंतर जगभर पसरली. २००७ मध्ये आपल्याकडे कर्जत तालुक्यातील एका छोट्या एकशिक्षकी शाळेतही ते संगणक आले होते. पेरू देशाने ते फार मोठ्या संख्येने वाटले. तेथील ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. गणित आणि भाषा या विषयांत मुलांच्या प्रगतीवर त्या संगणकांचा काही परिणाम आढळला नाही.

तेव्हा हे खूळच आहे, असे म्हणून स्वस्थ बसता आले असते. परंतु मला ताराबाई मोडकांची आठवण झाली. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी भावनगरला माँटेसरी पद्धतीचे काम केले, पुढे १९४५ साली बोर्डीला व १९५७ पासून कोसबाडला त्या आदिवासी मुलांत राहिल्या. माँटेसरीची साधने परदेशी घडणीची आणि महाग. ताराबाईंनी ती टाकून दिली नाहीत, की देव्हाऱ्यातही बसवली नाहीत. त्या साधनांमागचा हेतू त्यांनी उचलला, आणि शिंपले, बिया, पाने, खडे यांच्यापासून त्याच कामाची साधने रानातच उभी केली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यावी, यातूनच अंगणवाडी हा शब्द रूढ झाला. साधन महाग की स्वस्त, देशी की विलायती, हा प्रश्न त्यांच्या लेखी दुय्यम होता. मुलाचे हात त्या साधनाशी काय करतात, एवढेच त्या पाहत.

आमच्या बाबतीत सुबुद्धी सुचण्याचे श्रेय मात्र मला घेता येत नाही. दुसऱ्या वर्षी त्या धड्यांची मुदत संपली आणि नव्या वर्गणीला गावाजवळ पैसे नव्हते. पाच टॅब रिकामे झाले. त्यांत उरले तीनच गुण: चित्र काढता येत होते, फोटो घेता येत होता आणि आवाज साठवता येत होता. म्हणजे पुन्हा पाटीच हाती आली, फक्त काचेची.

परिसर अभ्यासाच्या तासाला आम्ही ओल्या फडक्यावर मटकी ठेवली आणि दर अर्ध्या तासाने एका गटाने तिचा फोटो घ्यावयाचा असे ठरवले. तीन दिवसांचे फोटो एकामागून एक भरभर फिरवले तेव्हा मटकीला मोड हलत हलत फुटताना दिसला. मुले नाचली. मग एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, ही मध्येच उडी का मारते?" खरेच, दोन ठिकाणी मोड एकदम बोटभर पुढे जात होता. मटकी रात्रीच फार वाढते, असा निष्कर्ष बहुतेकांनी काढला. बराच वेळ वाद झाला. अखेरीस मागे बसणारा एक मुलगा हळूच म्हणाला, "रात्री आपण फोटो काढलाच नाही. ती वाढतच होती, आपणच नव्हतो." शिक्षणशास्त्राच्या पदवीसाठी मी पुष्कळ पुस्तके वाचली आहेत, पण निरीक्षणातील उणीव म्हणजे काय, हे इतक्या थोड्या शब्दांत मला कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्याच एकाने ती चित्रे उलटी फिरवली. मोड आक्रसत आक्रसत बीमध्ये परत शिरला. सगळे हसले, आणि एक जण म्हणाला, "झाड खरोखर बीमध्ये परत जातेच की. फक्त त्याला शेंग यावी लागते."

पाच टॅब सत्तावीस मुलांना पुरत नाहीत, अशी हळहळ मला प्रथम वाटे. आता वाटत नाही. एका टॅबभोवती पाच डोकी जमली की कोणता फोटो ठेवावा, कोणता पुसावा, यावर भांडण होते आणि भांडताना मुले कारणे देतात. प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र काच असती तर ती कारणे कानी पडली नसती. शिवाय दिवसाकाठी तासाभराहून अधिक वेळ मी तो देतही नाही. चिखल, सागरगोटे आणि झाडावर चढणे यांची जागा काच घेऊ शकत नाही.

या सर्वांत एका मुलीविषयी मला सांगितलेच पाहिजे. ती वस्तीवरून येई. घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी. दोन वर्षे ती वर्गात जवळजवळ बोललीच नाही, आणि माझ्या नोंदवहीत तिच्या नावापुढे 'अप्रगत' हा शब्द माझ्याच हस्ताक्षरात होता. एका शनिवारी मी मुलांना सांगितले की, घरातील थोर माणसाला काहीतरी विचारा आणि त्याचा आवाज घेऊन या. तिची पाळी आली. सोमवारी टॅबमधून तिच्या आजीचा आवाज वर्गात उमटला आणि त्याहून मोठ्याने उमटला तो तिचा स्वतःचा. ती प्रश्नामागून प्रश्न विचारीत होती, आजीला मध्येच अडवीत होती, हसत होती. तो आवाज आम्ही कधीच ऐकला नव्हता.

विषय होता पहिल्या पावसानंतर येणाऱ्या रानभाज्यांचा. शेवळे, कुर्डू, भारंगी, टाकळा, करटोली. शेवळे नुसती शिजवली तर घसा खाजतो, म्हणून त्यांत काकडाची फळे घालावी लागतात, हे आजीने सांगितले. काही वाक्ये मला समजली नाहीत. मी तिच्याकडे पाहिले. ती उठली, फळ्याजवळ आली आणि एकेक शब्द आम्हांला समजावून सांगू लागली. टॅबवर एकेका भाजीचे चित्र काढी, पान चुकले की पुसून पुन्हा काढी. त्या तासाला वर्गात अप्रगत असा एकच इसम होता आणि तो खुर्चीवर बसला होता.

संध्याकाळी मी टॅब घेऊन तिच्या वस्तीवर गेलो. आजी अंगणात बसली होती. तिला तिचाच आवाज ऐकवला. ती मान खाली घालून शेवटपर्यंत लक्षपूर्वक ऐकत राहिली. माझी समजूत, म्हातारी आता चकित होईल. तिने मान वर केली आणि म्हणाली, "गुरुजी, हे पुसून टाका. एक भाजी राहिली. मी पुन्हा सांगते."