मधमाश्यांना जागा देणे आहे : दक्षिणमुखी, हवेशीर
(मंडळाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

श्रीखंड-पुरीनंतर कुणाचं भाषण ठेवणं हे धाडसच आहे, तेव्हा ज्यांना डुलकी लागेल त्यांनी खुशाल घ्यावी. पत्रिकेत विषय ‘मधमाशीपालन’ असा छापलाय, पण मी त्यातल्या पहिल्याच पायरीबद्दल बोलणार आहे. माश्या आणायच्या कुठून?

इकडे सोपा मार्ग म्हणजे ऑर्डर द्यायची. जाळीच्या खोक्यात तीन पौंड माश्या आणि एक राणी, दक्षिणेकडच्या राज्यातून एप्रिलमध्ये येतात. दुसरा मार्ग म्हणजे एक रिकामी पेटी योग्य जागी टांगून ठेवायची आणि वाट बघायची. इंग्रजीत तिला ‘बेट हाइव्ह’ म्हणतात, मी आमिषपेटी म्हणतो. माझा मार्ग दुसरा.

वसंतात पोळ्यात गर्दी झाली की माश्या नवीन राण्या वाढवायला घेतात. मग जुनी राणी निम्म्याहून कितीतरी जास्त कामकरी माश्या घेऊन घराबाहेर पडते. आपल्याकडे म्हातारे घरात राहतात आणि मुलं अमेरिकेला जातात, इथे उलटं. आई घर लेकीला देते आणि स्वतः बिऱ्हाड शोधायला निघते. हा दहा-पंधरा हजार माश्यांचा थवा जवळच्या फांदीला दाढीसारखा लोंबतो. पोटात फक्त वाटखर्चीचा मध. पाऊस लागला, थंडी पडली, तर तो संपायच्या आत घर मिळालंच पाहिजे.

ही घरशोधणी कशी चालते हे पहिल्यांदा उलगडलं ते म्युनिकमध्ये. 1949 साली मार्टिन लिंडाउअर यांना एका थव्यावर नाचणाऱ्या माश्या दिसल्या. फुलांवरून आलेल्या माशीच्या अंगावर पराग हवेत, यांच्या अंगावर काजळी आणि विटांची भुकटी होती. युद्धात पडझड झालेल्या शहरातली धुराडी आणि भिंतीतली भोकं पाहून त्या आल्या होत्या. म्हणजे हा नाच अन्नाचा नव्हता, घराच्या पत्त्याचा होता.

पुढचं काम कॉर्नेल विद्यापीठाच्या थॉमस सीली यांचं. थव्यातल्या काही शेकडा अनुभवी माश्या जागा बघायला जातात. पोकळीत शिरून भिंतीवरून चालत चालत तिचं आकारमान अजमावतात. परत येऊन नाचतात. जागा चांगली असेल तर जास्त फेऱ्या, बरी असेल तर कमी. दुसऱ्या जागेची बाजू घेणारीला डोक्याने ढुशी देऊन थांबवतातही. (आपली वार्षिक सभा आठवली असेल तर तो योगायोग समजावा.) एखाद्या जागेवर एका वेळी वीस-तीस शोधक माश्या जमल्या की ठरलं. कुणी अध्यक्ष नाही, राणीला तर कुणी विचारतच नाही. माझ्यासारख्या सर्व्हरवाल्या माणसाला यात रस का, तर 2004 मध्ये सुनील नाक्राणी आणि क्रेग टोव्ही यांनी इंटरनेट सर्व्हरची कामं वाटायची पद्धत मधमाश्यांवरूनच मांडली. अर्थात तिथे घर शोधण्याची नव्हे, मध गोळा करण्याची पद्धत वापरली होती.

आता पेटी. 1970च्या दशकात सीलींनी वेगवेगळ्या मापांच्या खोक्यांमधून माश्यांना निवड करू दिली. त्यातून आवड कळली ती अशी: पोकळी सुमारे 40 लिटरची. दहा लिटरच्या आतली नको, कारण हिवाळ्यासाठी वीसएक किलो मध साठवायचा असतो. शंभराच्या वरचीही नको. दार लहान, दहा ते पंधरा चौरस सेंटिमीटर, आणि तळाशी. उंची पाच मीटरच्या आसपास. आणि दाराचं तोंड दक्षिणेला! घर बघताना दक्षिणमुखी म्हटल्यावर गाडीतून न उतरणारे आपले कितीतरी लोक मला माहीत आहेत. थंड मुलखातल्या माशीला मात्र ऊन हवं. पेटी चौकोनी की उंच, याच्याशी तिला देणंघेणं नाही.

लँगस्ट्रॉथ पेटीचा दहा चौकटींचा मोठा खण जवळजवळ बरोबर या मापाचा असतो. जुना मिळाला तर उत्तम, नव्या लाकडाला वास नसतो. खाली पक्का तळ, वर झाकण, दीड इंचाचं भोक आणि पक्षी घुसू नये म्हणून त्यात आडवा खिळा. आत चौकटी घालाच, नाहीतर माश्या झाकणालाच पोळं बांधतात आणि ते हलवताना सगळ्यांचे हाल. इथल्या बहुतेक राज्यांत काढता येणाऱ्या चौकटी कायद्यानेच लागतात. एक चौकट जुन्या काळपट पोळ्याची असेल तर फार फरक पडतो, पण ती ओळखीच्या, निरोगी वसाहतीतलीच घ्या. ‘फाउलब्रूड’ रोगाचे बीजाणू जुन्या पोळ्यात कित्येक वर्षं जिवंत राहतात. फुकट मिळालेलं पोळं म्हणून आणू नका.

वासासाठी गवती चहाचं तेल, तीन-चार थेंब. माश्या एकमेकींना बोलवायला जो गंध सोडतात, त्यातले सिट्राल आणि जेरॅनिऑल यात असतात. आईने चहात टाकायला कुंडीत लावलेली पात कामाला येईल का, असं मला घरी विचारलं गेलं. वास येईल, पण दोन दिवसांत उडेल. तेलच घ्या.

उंचीबाबत माझं मत पुस्तकापेक्षा वेगळं आहे. पाच मीटरवर शिडी लावून माश्यांनी भरलेली पेटी उतरवणं हे आपल्यासारख्या दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचं काम नाही. मी आठ-नऊ फुटांवर टांगतो. थवे थोडे कमी येत असतील, कंबर शाबूत आहे.

एवढी खटपट कशाला, असं दोघांनी आधीच विचारलं. आमच्या मागच्या गल्लीत एका घराच्या भिंतीत असाच थवा शिरला. मालकीणबाई बिचाऱ्या घाबरल्या, घरात लहान मूल. कीटकनाशकवाला आला, फवारून गेला. पुढच्या उकाड्यात आतलं मेण वितळून मध भिंतीतून ओघळला, मुंग्या झाल्या, भिंत फोडावी लागली. त्या माश्यांना शंभर यार्डांवर बरी जागा मिळाली असती, तर कदाचित त्या भिंतीकडे वळल्याही नसत्या. मला राग कुणाचा आला नाही, पण त्या वर्षी मी एकाच्या तीन पेट्या केल्या.

मागच्या मे-जूनमध्ये त्यातल्या दोन भरल्या. आधी दोन-चार माश्या भोकाशी घुटमळतात, दुसऱ्या दिवशी वीस. यावरून थवा आला असं समजू नका, त्या बघायला आलेल्या असतात, संध्याकाळी परत जातात. पायांवर पराग घेऊन माश्या आत जाताना दिसल्या, म्हणजे बिऱ्हाड आलं. मग अंधार पडल्यावर भोकाला जाळी लावून पेटी कायमच्या जागी न्यायची.

लगेच करायचं काम म्हणजे ‘व्हरोआ’. हा परजीवी माइट अमेरिकेत 1987 मध्ये सापडला, आणि थव्याबरोबर तोही येतो. पण नव्या घरात अजून बंद केलेल्या अळ्या नसतात, त्यामुळे त्याला लपायला जागा नसते. ऑक्झॅलिक आम्लाचा उपचार तेव्हाच सर्वांत चांगला लागू पडतो. इथे 2015 पासून त्याला मान्यता आहे. अंडं घातल्यापासून नवव्या दिवसाच्या सुमारास अळीचं घर बंद होतं, म्हणजे हातात आठवडाभरच असतो. ‘निसर्गावर सोडा’ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. सीलींनी इथॅकाजवळच्या रानात पाहिलं, तर नव्या थव्यांपैकी जेमतेम चतुर्थांश पहिला हिवाळा काढतात. माझ्या दोनपैकी एक जगली. दुसरी फेब्रुवारीत, मध शिल्लक असताना, शांत झाली.

गावाकडे हे करता येईल का? सातेरी माशी पोकळीत राहते, ती पेटीत येते. महाबळेश्वरच्या भागात ती पूर्वीपासून पाळतात. तिथलं मांघर 2022 मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. आग्या मात्र उघड्यावरच पोळं करते, तिच्यासाठी पेटी टांगून उपयोग नाही, आणि तिच्या वाटेला जाऊ नये. टेक्सस, ॲरिझोनाकडच्या मंडळींनीही स्थानिक मधपाळाला विचारल्याशिवाय थवा घरी आणू नये. तिकडे आफ्रिकी रक्ताच्या तापट माश्या आहेत. दंशाची ॲलर्जी असलेल्यांनी दुरूनच बघावं.

आपल्या भागात थवे मेपासून निघतात. पेट्या एप्रिलअखेर टांगलेल्या हव्यात, म्हणजे हातात अडीच आठवडे आहेत. माझ्याकडे दोन जास्तीचे खण पडलेत. ज्यांना हवेत त्यांनी पार्किंगमध्ये भेटा, गाडीतच आहेत. मधाच्या बाटल्या मात्र यंदा नाहीत, तो सगळा माश्यांना ठेवला.