दोन भाषांच्या उंबरठ्यावरील मूल आणि मराठी वाक्याचा खेळ

(प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अमरावती जिल्ह्यातील धारणी आणि चिखलदरा हे मेळघाटातील दोन तालुके. तेथील कोरकू वस्तीतले सहा वर्षांचे मूल शाळेत येते, ते भाषेविना येत नाही. घरी आजीकडून ऐकलेली कोरकू ते अस्खलित बोलते. आठवडी बाजारात कानांवर पडणारी हिंदीही त्याला थोडीफार कळते. मराठी मात्र बहुधा वर्गातच प्रथम भेटते. गुरुजी विचारतात, “काल शाळेत का आला नाहीस?” मूल खाली पाहते. त्याला उत्तर ठाऊक असते, पण ते ज्या वाक्यात सांगावयाचे ते वाक्य त्याच्यापाशी नसते. अशा मुलाच्या नावापुढे “मंद” हा शेरा पडला की तो वर्षानुवर्षे पुसला जात नाही. पुढे मुलाचे येणे अनियमित होते, आणि गळतीच्या तक्त्यात ज्याची नोंद होते तो केवळ शेवट असतो. आरंभ त्या न आलेल्या वाक्यात असतो.

शब्द शिकविण्याचे काम शाळा बऱ्यापैकी करतात. चित्राचा तक्ता दाखविला की मूल “गाय, झाड, विहीर” चटकन म्हणते. अडते ते शब्दाला शब्द जोडताना. ही अडचण नेमकी कोठे येते हे पाहावयाचे तर मुलाच्या भाषेची ठेवण थोडी तरी माहीत असावी लागते. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. संथाळी आणि मुंडारी या तिच्या दूरच्या बहिणी. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेश व महाराष्ट्र मिळून ती मातृभाषा म्हणून सांगणारे सुमारे ७ लाख २७ हजार लोक नोंदले गेले. जॉन ड्रेक यांनी लिहिलेले तिचे व्याकरण १९०३ साली कलकत्त्यास छापले गेले. तेव्हा या भाषेला व्याकरण नाही, ती नुसती “बोली” आहे, असे म्हणणाऱ्यांना शतकाहून अधिक काळ आधार उरलेला नाही.

कोरकूत क्रियापद मराठीप्रमाणेच वाक्याच्या शेवटी येते, आणि नामाला जोडावयाचे ते नामाच्या मागून जोडले जाते. म्हणजे वाक्याची मांडणी मुलाला नव्याने शिकवावी लागत नाही. परंतु मराठीची तीन लिंगे तिच्यात नाहीत; तिचा भेद सजीव आणि निर्जीव असा आहे. भाकरी “ती”, आंबा “तो” आणि केळे “ते” का, याचे कोणतेही कारण कोरकू मुलाला दिसत नाही. खरे म्हणजे कारण मराठी मुलालाही दिसत नाही. त्याने ते पाळण्यात ऐकलेले असते, एवढेच.

म्हणून पहिला खेळ लिंगाचा असावा आणि तो भूतकाळातून खेळावा. पुष्कळ शिक्षक वर्तमानकाळापासून आरंभ करतात. पण “मुलगी येते” आणि “वासरू येते” यांत भेद ऐकूच येत नाही. “घोडा आला, गाय आली, वासरू आले” म्हटले की तिन्ही रूपे कानाला वेगळी लागतात. अंगणात खडूने तीन गोठे आखावेत. एकेका मुलाने प्राण्याचे वा वस्तूचे नाव घेऊन धावत यावे. ते “आला, आली, की आले” हे इतरांनी ओरडून सांगावे, आणि त्या गोठ्यात त्याने शिरावे. थोड्या दिवसांनी त्यातच रंग मिसळावेत: काळा घोडा, काळी गाय, काळे वासरू. मग हळूहळू वाक्य लांबवावे. “वासरू आले. काळे वासरू आले. काळे वासरू धावत आले. काळे वासरू काल नदीवरून धावत आले.” प्रत्येक मुलाने एक शब्द घालावयाचा, आणि आधीचे सारे म्हणूनच घालावयाचा.

आता खरा अवघड घाट. “मुलगी आली” येथे क्रियापद मुलीकडे पाहते. “मुलीने आंबा खाल्ला” म्हणताच ते तिच्याकडे पाठ फिरवून आंब्याकडे पाहू लागते. मूल “मुलीने आंबा खाल्ली” म्हणते, आणि त्याच्या दृष्टीने ते अगदी तर्कशुद्ध असते. दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हापासून प्रयोगांची नावे विद्यार्थी पाठ करीत आले आहेत. पण कर्तरी आणि कर्मणी ही नावे पाठ केल्याने सात वर्षांच्या मुलाच्या तोंडी शुद्ध वाक्य येत नाही. हाच नियम हातांनी खेळता येतो.

तीन मुले उभी करावीत: एक मुलगी, एक आंबा, एक क्रियापद. गोणपाटाच्या दोन टोप्या शिवून एकीवर “ने” आणि दुसरीवर “ला” असे लिहावे. नियम एकच: ज्याच्या डोक्यावर टोपी नाही त्याचाच हात क्रियापदाने धरावयाचा. “मुलगी आली” यात मुलगी बोडकी आहे. क्रियापद तिचा हात धरते. मुलीने “ने”ची टोपी घातली की क्रियापद तिला सोडून आंब्याकडे जाते: “मुलीने आंबा खाल्ला.” आंब्याच्या जागी भाकरी आली तर “खाल्ली”, केळे आले तर “खाल्ले”. आणि दोघांच्याही डोक्यावर टोपी आली तर? “मुलीने गाईला पाहिले.” “मुलाने वाघाला पाहिले.” धरावयास हातच उरत नाही, म्हणून क्रियापद एकटे हाताची घडी घालून उभे राहते आणि “पाहिले” असेच म्हणते. भावे प्रयोग याहून थोडक्यात समजावणे कठीण आहे. “मी” आणि “तू” यांची टोपी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून “मी भाकरी खाल्ली”. आणि “मी पाणी प्यालो” यासारखी काही वाक्ये नियम मोडतातच. ती मुलांपुढे अपवाद म्हणून मांडण्याची घाई करू नये, ती कानांवर पडू द्यावीत.

दुसरी ठेच सामान्यरूपाची. मूल “घोडाला”, “मुलगीला” म्हणते. येथे शब्द झालेल्या मुलाने प्रत्ययाच्या मुलाला पाठीवर घ्यावयाचे, पण ताठ उभे राहून कोणाला पाठीवर घेता येत नाही, प्रथम वाकावे लागते. “घोडा” वाकला की “घोड्या” होतो, मग “ला” पाठीवर बसतो. “मुलगी” वाकली की “मुली”. पावसाळ्यात, अंगण चिखलाचे असताना, हा खेळ वर्गातही होतो.

कोरकू मुलाचे भांडवलही शिक्षकाने ओळखावे. कोरकूत ऐकणाऱ्याला धरून “आपण” आणि त्याला वगळून “आम्ही” असा भेद आहे. हिंदीत दोन्हींना “हम” एवढेच; मराठीत मात्र हा भेद जसाच्या तसा आहे. तेव्हा मुलांचे दोन गट करावेत. “आम्ही नदीवर जातो” म्हटले की बोलणाऱ्याच्याच गटाने धावावे. “आपण नदीवर जातो” म्हटले की सर्वांनी. या खेळात कोरकू मुले शहरातील मराठी मुलांच्या मागे राहण्याचे कारण नाही. कोरकूत सजीवांसाठी द्विवचनही आहे, त्यामुळे एखादे मूल “आम्ही दोघे” असे हटकून म्हणेल. ते चूक धरू नये.

ज्या खेळात हसू येते त्यात वाक्य लवकर येते. गुरुजींनी गंभीर चेहऱ्याने म्हणावे, “काल वाघाने गवत खाल्ले.” वर्ग ओरडेल, “नाही!” पण नुसत्या “नाही”ला गुण नाही, “वाघाने बकरी खाल्ली” असे पुरते वाक्य हवे. याच्या उलट दिवसातून एकदा मुलांनी शिक्षकाला कोरकू वाक्य शिकवावे. पाण्याला “दा”, वाघाला “कूला”, खाण्याला “जोम”, येथून आरंभ होऊ शकतो. शिक्षक चुकेल, मुले हसतील, आणि चुकल्यावर काही अनर्थ होत नाही हे ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील. मुलाने चुकीचे वाक्य म्हटले तर त्याला मध्येच अडवू नये. त्याने “भाकरी खाल्ला” म्हटले, तर “अस्सं, भाकरी खाल्लीस? कशाबरोबर खाल्लीस?” असे विचारून संभाषण पुढे न्यावे.

ही दृष्टी महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आरंभिलेले आणि पुढे कोसबादच्या टेकडीवर नेलेले काम वारली मुलांच्या अंगणापर्यंत, गुरे चारण्याच्या कुरणापर्यंत पोचले होते. कायद्याचेही पाठबळ आहे. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने संविधानात आलेला अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याविषयी सांगतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही शिक्षणाचे माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावे असे म्हटले आहे. अडचण येते ती अंमलात, आणि ती मुख्यतः माणसांची असते. कोरकू समजू लागलेल्या शिक्षकाची बदली झाली की त्याच्याबरोबर ते ज्ञानही गावाबाहेर जाते. बदलून जाणाऱ्याने आपल्या वर्गातील शब्द, वाक्ये आणि मुलांच्या नेहमीच्या चुका एका वहीत लिहून ती शाळेत ठेवावी, हे कोणत्याही आदेशावाचून होऊ शकते.

पंचायतीने व शाळा व्यवस्थापन समितीने गावातील एखाद्या आजीला आठवड्यातून एक दिवस वर्गात बोलवावे. तिने कोरकूत गोष्ट सांगावी आणि मुलांनी ती शिक्षकाला मराठीत समजावून द्यावी. ज्याला ती खरोखर कळलेली नाही अशा श्रोत्याला गोष्ट सांगताना मूल वाक्यासाठी जिवापाड धडपडते. आणि तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी गप्प बसलेल्या वर्गाला शिस्तीचे गुण देण्यापूर्वी मागच्या रांगेतील एका मुलाला विचारावे, “काल घरी काय काय झाले?” उत्तराला वेळ लागला तर थांबावे. पहिले वाक्य मोडके येईल, त्यात एखादा कोरकू शब्दही असेल. ते तसेच्या तसे तपासणीच्या वहीत उतरवून घ्यावे, म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा येताना त्याच मुलाचे दुसरे वाक्य त्याच्या शेजारी लिहिता येईल.