इन्सुलिनचे पहिले दिवस

बारामतीहून फलटणकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नीरा नदीच्या अलीकडच्या तीरावर सांगवी हें गांव आहे. नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भागांत खेळूं लागलें आणि बाजरीच्या जागीं ऊंस उभा राहिला. आज हंगामांत या रस्त्यानें जावें, तर उंसाच्या गाड्यांमागून सावकाश जाण्यावांचून गत्यंतर नसतें. साखरेनें ज्या गांवाचें भलें केलें त्याच गांवच्या माणसांच्या रक्तांत साखर वाढावी, यांत दैवाचा विनोद शोधण्याचा मोह कोणासहि होईल. परंतु तो मोह आवरलेला बरा. ऊंस पिकविल्यानें मधुमेह होत नाहीं. आणि शहरांतील ज्या घरांत ऊंस केवळ रसाच्या पेल्यांत दिसतो, तेथेंहि हा रोग शिरलेला आहेच.

मधुमेह कां होतो, हा आजचा विषय नव्हे. गोळ्यांनीं काम भागेनासें झाल्यावर डॉक्टर जेव्हां प्रथम इन्सुलिन लिहून देतात, तेव्हां पुढच्या पांचसहा आठवड्यांत घरांत काय घडतें आणि काय घडावयास हवें, एवढ्यापुरताच तो मर्यादित आहे.

एक कुटुंब कल्पनेनें डोळ्यांसमोर आणावें. घरधनी सांगवीचे बागायतदार, पन्नाशी ओलांडलेले, अंगानें सडसडीत; अकरा वर्षें गोळ्या घेत आलेले. मुलगा आणि सून पुण्यास नोकरीला. बारामतीच्या डॉक्टरांनीं रक्त तपासलें तों उपाशीपोटीं साखर 268 आणि जेवणानंतर दोन तासांनीं 370. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी 10.8 टक्के. गोळ्या चालूच ठेवून रात्रीं झोपतांना 10 युनिट इन्सुलिन टोचून घ्यावें, असें ठरलें. घरीं आल्यावर कोणी रडत नाहीं, पण चूल पेटलेली असूनहि स्वयंपाकघर गप्प असतें.

‘सुई लागली’ या दोन शब्दांचा अर्थ पुष्कळ घरांत ‘आतां शेवट आला’ असा केला जातो. या समजुतीला कारण आहे. कित्येक रोगी इन्सुलिनपर्यंत इतक्या उशिरां पोहोंचतात कीं मूत्रपिंड, डोळे किंवा पाय यांची हानि तोंवर झालेलीच असते. मग शेजारीपाजारी म्हणतात, अमक्याला सुई लावली आणि वर्षाच्या आंत त्याचा पाय कापावा लागला. पाय गेला तो सुईमुळें नव्हे. आधींच्या अनेक वर्षांच्या वाढलेल्या साखरेमुळें गेला. सुई त्या घरांत शेवटीं आली, म्हणून दोष तिच्या माथीं बसला.

वास्तविक या औषधाचा जन्म मरणाच्या दारांतून माणसें परत आणण्यासाठींच झाला. 1921 सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनीं स्वादुपिंडापासून हा अर्क काढण्यांत यश मिळविलें. त्यापूर्वीं मधुमेह झालेल्या लहान मुलांस जवळजवळ उपाशी ठेवून मरण लांबविणें, एवढाच उपाय डॉक्टरांच्या हातीं होता. 11 जानेवारी 1922 रोजीं लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास तो अर्क प्रथम टोचण्यांत आला, आणि ही पहिली टोचणी बहुतांशीं फुकट गेली: साखर थोडीशीच उतरली आणि टोचल्या जागीं गळूं झालें. जेम्स कॉलिप यांनीं अर्क अधिक शुद्ध केल्यावर 23 जानेवारीस पुन्हा टोचलें, तेव्हां एका दिवसांत 520 ची साखर 120 वर आली. तो मुलगा पुढें तेरा वर्षें जगला. पहिल्या दिवशीं गुण आला नाहीं म्हणून टोरोंटोच्या डॉक्टरांनीं हात टेकले असते, तर काय झालें असतें, याचा विचार सांगवीच्या त्या घरानेंहि करण्यासारखा आहे.

‘अंगावर मांस नाहीं, मग हा श्रीमंती रोग याला कसा?’ हा प्रश्नहि या घरांत निघतोच. 2004 सालीं पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचें एक छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलें. वजन आणि उंची यांवरून काढलेला अंक दोघांचाहि एकच, 22.3. परंतु शरीरांतील चरबी युडकिन यांच्या ठायीं 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या ठायीं 21.2 टक्के! आपल्याकडील सडसडीत माणूस दिसतो तितका सडसडीत नसतो. ती चरबी इन्सुलिनच्या कामांत आडवी येते, आणि स्वादुपिंड जादा राबून अखेर थकतें.

बागायतदाराला ही गोष्ट समजण्यास अवघड नाहीं. पाटाला पाणी भरपूर आहे, पण दारें उघडलीं नाहींत तर उभें पीक वाळतें. रक्तांत साखर भरपूर असते. पेशींचीं दारें उघडणारा हात म्हणजे इन्सुलिन. तो हात दुबळा झाला कीं पेशी उपाशी राहतात आणि पाट भरून वाहतो. सामान्यतः 180 च्या वर पातळी गेली म्हणजे मूत्रपिंडाच्या सांडव्यावरून साखर लघवींत वाहूं लागते. रोगी वाळत जातो, वारंवार पाणी पितो आणि रात्रींतून चारचार वेळां उठतो. इन्सुलिन सुरू झाल्यावर वजन थोडें वाढतें त्याचें एक कारणहि हेंच: सांडव्यावरून जाणारें अन्न आतां अंगीं लागतें. तेवढ्यावरून ‘सुईनें सूज आली’ असा निष्कर्ष काढूं नये.

आतां पांचवा दिवस उजाडतो. यंत्रावर आंकडा येतो 241. घरांत बैठक भरते. एक म्हणतो, औषध लागू पडत नाहीं, बंद करा. दुसरा म्हणतो, दहाच्या जागीं वीस घ्या. अवघड प्रसंग हाच, कारण हे दोन्ही सल्ले प्रेमापोटीं दिलेले असतात आणि दोन्ही घातक असतात.

पहिली मात्रा डॉक्टर जाणूनबुजून लहान ठेवतात. कोणाच्या शरीराला किती इन्सुलिन लागेल, हें आधीं सांगतां येत नाहीं. म्हणून खालून वर चढावयाचें असतें. पुष्कळ डॉक्टर सकाळच्या उपाशीपोटींच्या आंकड्यावर नजर ठेवून दर तीन दिवसांनीं दोन युनिट वाढवावयास सांगतात, आणि तो आंकडा 80 ते 130 यांच्या दरम्यान आला कीं थांबवितात. वृद्धांस किंवा ज्यांचें मूत्रपिंड क्षीण आहे त्यांस याहून सैल मर्यादा घालून देतात. रात्रीं कांहींहि न खातां सकाळीं साखर एवढी कशी, याचें नवल पुष्कळांस वाटतें. यकृत रात्रभर आपल्या कोठारांतून साखर सोडत असतें. रात्रींचें इन्सुलिन त्या कोठाराला अडसर घालण्यासाठीं असतें. शिवाय बराच काळ चढलेली साखर स्वादुपिंडालाच बधिर करते. ती उतरूं लागली कीं उरलीसुरली शक्ति कांहीं अंशीं परत येते, आणि कित्येकदां पुढें मात्रा कमीहि करावी लागते. याला दिवस नव्हे, आठवडे लागतात. या काळांत नजर थोडी अंधुक झाली तर घाबरूं नये. साखर उतरतांना डोळ्यांतील भिंगाचा आकार बदलतो म्हणून तसें होतें. नव्या चष्म्याचा खर्च साखर स्थिर होईपर्यंत लांबणीवर टाकावा. मात्र दिसणें एकाएकीं बंद झालें किंवा एकाच डोळ्यापुढें पडदा आला, तर त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा.

मात्रा वाढवूनहि साखर मुळींच हलत नसेल, तर औषधाला बोल लावण्यापूर्वीं सुई पाहावी. आपल्या देशांत बाटलींतील इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला 40 युनिट या शक्तीचें मिळतें. त्याची सिरिंज लाल टोपीची. पेनांतील इन्सुलिन 100 युनिटचें असतें, आणि त्या शक्तीच्या सिरिंजची टोपी नारिंगी. चाळीसच्या बाटलींतील औषध नारिंगी टोपीच्या सिरिंजनें दहाच्या खुणेपर्यंत ओढलें, तर अंगांत दहा नव्हे, चारच युनिट जातात. उलट शंभरचें औषध लाल टोपीच्या सिरिंजनें तेवढेंच घेतलें, तर पंचवीस युनिट जातात, आणि हें प्राणावर बेतूं शकतें. दुकानदारानें ‘लाल संपली, ही घ्या’ म्हणून दुसरी सिरिंज हातावर ठेवली, तर रिकाम्या हातानें परत यावें किंवा दुसरें दुकान पाहावें. बाटलीवरचा आंकडा आणि सिरिंजवरचा आंकडा एकच आहे ना, हें घरांतील वाचतां येणाऱ्या कोणाहि मुलीनें दर वेळीं पाहिलें, तरी केवढें तरी संकट टळेल.

दुसरी पाहावयाची गोष्ट म्हणजे टोचण्याची जागा. दुखत नाहीं म्हणून बेंबीजवळच्या एकाच जागीं रोज टोचीत राहिलें, तर तेथें चरबीची गांठ बनते आणि तींतून औषध कधीं शोषलें जातें, कधीं नाहीं. रोज दोन बोटें तरी जागा बदलावी. गढूळ दिसणारें इन्सुलिन दोन्ही तळव्यांमध्यें हळूहळू घोळवून एकसारखें करावें, घुसळूं नये. न उघडलेली बाटली फ्रिजमध्यें ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्याला लागून नव्हे. एकदां गोठलेलें इन्सुलिन निरुपयोगी. चालू बाटली साधारण चार आठवडे बाहेर चालते. परंतु चैत्र-वैशाखांत पत्र्याच्या घरांत ती तापते. फ्रिज नसेल किंवा वीज जात असेल, तर पाण्यानें भरलेल्या मोठ्या मडक्यांत लहान कोरडें भांडें ठेवून त्यांत ती ठेवावी. ही जुनी युक्ति खरोखरच उपयोगी आहे.

आणि रक्त तपासण्यापूर्वीं हात धुवावे. उंसाच्या रसाचा, गुळाचा किंवा पिकल्या पेरूचा चिकटपणा बोटावर राहिला, तर यंत्र रक्ताची नव्हे, बोटाची साखर सांगतें! गुऱ्हाळावरून आलेल्या माणसाचा 350 हा आंकडा हात धुतल्यावर 190 निघाला, तर कोणास नवल वाटूं नये.

आंकडे एका वहींत लिहावे: तारीख, वेळ, साखर, किती युनिट, काय खाल्लें. या वहीसंबंधीं पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांस एक सांगणें अवश्य आहे. मुलगा रोज सकाळीं फोन करून विचारतो, ‘‘अण्णा, आज किती?’’ आंकडा मोठा आला कीं तिकडून प्रश्न येतो, ‘‘काल काय खाल्लंत?’’ आठ दिवस असें झाल्यावर अण्णा 230 चे 150 सांगूं लागतात. पुढें डॉक्टरांसमोरहि तेंच सांगतात. मात्रा वाढावयाची ती वाढत नाहीं. काळजीचा सूर जाबसालासारखा लागला, कीं वही खोटी होते, आणि खोट्या वहीवर चाललेला उपचार अंधारांत चाललेल्या माणसासारखा असतो. आंकडा विचारण्याऐवजीं ‘‘काल दारें धरायला गेला होतात कां?’’ हें विचारलें, तर कदाचित् अधिक उपयोगाची माहिती मिळेल.

कारण दारें धरण्याचा आणि इन्सुलिनचा निकट संबंध आहे. शेतीच्या पंपांना वीज पुष्कळदां रात्रीं मिळते. संध्याकाळीं इन्सुलिन टोचून, घाईनें अर्धी भाकरी खाऊन माणूस उंसांत शिरतो आणि दोन तास खोरें चालवितो. श्रमानें साखर आपोआप उतरते. त्यांत औषधाची भर. घाम सुटतो, हात थरथरतात, छातींत धडधडतें, बोलणें अडखळतें. साखर 70 च्या खालीं आल्याचीं हीं चिन्हें आहेत. आणि डोक्याएवढ्या उंसांत एकट्या माणसाची हांक कोणाला ऐकूं जाणार? म्हणून रात्रपाळीचें पाणी असल्यास डॉक्टरांस तें आधींच सांगावें, घरच्यांस सांगून जावें, आणि खिशांत साखरेची पुडी ठेवावी. चिन्हें दिसतांच तीन चहाचे चमचे साखर पाण्यांतून घ्यावी, पंधरा मिनिटें बसावें, पुन्हा तपासावें. बरें वाटल्यावर भाकरी खावी. पेढ्यानें हें काम लौकर होत नाहीं, त्यांतील स्निग्धांश साखरेला अडवून धरतो. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहींच घालूं नये. कुशीवर वळवून रुग्णालय गांठावें. आणि एकदां साखर उतरली म्हणून घाबरून इन्सुलिन सोडूं नये. त्या आंकड्यासह डॉक्टरांकडे जावें, म्हणजे मात्रा कमी करून मिळते.

ताप किंवा उलट्या यांमुळें अन्न जात नसेल, तर ‘जेवण नाहीं म्हणून सुई नाहीं’ असा हिशेब पुष्कळ घरांत होतो. तो चुकीचा आहे. आजारांत साखर उलट चढते. मात्रा किती घ्यावी हें डॉक्टरांस विचारावें, पण मनानें बंद करूं नये. लहानपणींच मधुमेह झालेल्या मुलांच्या बाबतींत तर एक दिवसाचाहि खंड जिवावर बेततो. साखर 300 च्या आसपास अडून बसली आहे आणि त्याबरोबर उलट्या, पोटांत दुखणें, जोरजोरानें श्वास किंवा गुंगी आहे, अशा वेळीं रात्र सरण्याची वाट पाहूं नये.

एकादशीचें काय, हा प्रश्न माजघरांतून हमखास येतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट; त्याच्या खिचडीनें साखर भाकरीहून अधिक वेगानें चढते, आणि निरंकार उपास केला तर इन्सुलिनखालीं ती घसरते. उपास करावयाचाच असेल, तर आदल्या दिवशीं नव्हे, आठ दिवस आधीं डॉक्टरांशीं बोलावें. आषाढांत तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगांव केतकी, इंदापूर अशी पुढें जाते, आणि तींत इन्सुलिन घेणारे वारकरीहि असतात. दिवसभराच्या चालण्यानें त्यांची साखर उतरते, म्हणून निघण्यापूर्वींच मात्रा कमी करून घ्यावी लागते. चालावयाच्या दिवसांत मांडीऐवजीं पोटावर टोचावें, कारण चालत्या पायांतून औषध लौकर रक्तांत शिरतें. बाटली ओल्या फडक्यांत गुंडाळलेल्या डब्यांत, सिरिंज त्याच शक्तीच्या, पायांत मऊ पायताण, आणि मुक्कामावर पोहोंचल्यावर दोन्ही तळपाय दिव्याच्या उजेडांत कोणाकडून तरी पाहून घ्यावे. बधिर पायाला फोड आल्याचें त्याचें त्याला कळत नाहीं.