नावं फोटोतच लिहा



आपल्या वर्गाचे जुने फोटो स्कॅन करून मी पिकासात लावले होते, एकेका चेहऱ्याला नाव दिलं होतं. २०१६ मध्ये गूगलने पिकासा बंद केलं. पुढे मी कम्प्युटर बदलला. फोटो आले, नावं मागेच राहिली. ती वेगळ्या फाइलीत होती अन् ती फाइल मी उचललीच नाही. चूक माझीच.

आता मी डिजीकॅम वापरतो. मुक्त सॉफ्टवेअर आहे, पैसे लागत नाहीत, विंडोजवरही चालतं. चेहरे शोधून देतं. सेटिंग्जमध्ये मेटाडेटा लिहिण्याची खूण केली, की नाव फोटोच्या फाइलीतच बसतं. (व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो टाकला की ते गळतं, म्हणून डॉक्युमेंट करून पाठवा.) पिवळा पडलेला फोटो उजळायला गिंप आहे, तेही फुकट, पण मूळ फाइल सोडून प्रतीवरच हात चालवा.

वरूडच्या संत्र्याच्या बगीच्यातल्या सहलीच्या फोटोत मागच्या रांगेतली तीन पोरं मला ओळखू येत नाहीत. सर, आमची हजेरी तुम्हाला तोंडपाठ होती. जेवण झाल्यावर पाच मिनिटं माझ्या लॅपटॉपपाशी बसाल?