ट्रिक एकच, चाल वेगळी

चाकांच्या फळीवर उभं राहून पायऱ्यांवरून उड्या मारणारी मुलं आपण निदान टीव्हीवर तरी पाहिलेली असतात. आपलं सगळं लक्ष तो पडतो की सावरतो, याकडे. जाणकार मात्र पाहतात तो उडी कशी मारतो ते.

स्ट्रीट स्केटबोर्डिंगमध्ये पायऱ्या, कठडे, बाक हेच मैदान. फळी पायांना बांधलेली नसते, तरी ती पायांबरोबर उचलली जाते ती 'ऑली'मुळे. मागच्या पायानं फळीचं शेपूट जमिनीवर आपटायचं आणि पुढचा पाय फळीवरून घासत पुढे नेत ती हवेत सपाट करायची. १९७० च्या दशकाच्या अखेरीस फ्लोरिडातल्या ॲलन गेलफंडनं वक्र भिंतींवर ही उडी रूढ केली. पुढच्या दशकात रॉडनी मलननं ती सपाट जमिनीवर आणली आणि रस्ता खुला झाला.

आज ऑली हजारोंना येते. पण यमन भीमसेन जोशींचा वेगळा आणि किशोरी आमोणकरांचा वेगळा, तसंच इथेही आहे. १९९१ च्या 'व्हिडिओ डेज' या चित्रफितीत मार्क गोन्झालेस जॉन कोल्ट्रेनच्या जॅझवर स्केटिंग करतो. हात सैल, हालचाली ऐन वेळी सुचल्यासारख्या. चेहरा झाकला तरी ओळखावा असा!

मी पाहताना तीन गोष्टी टिपतो. ट्रिकच्या आधी जमिनीला पाय मारून वेग घेण्याची ढब, हवेत असताना हात आणि खांदे, आणि उतरल्यावर गुडघ्यांनी धक्का कसा पचवला ते. शैली शरीराच्या ठेवणीतून आणि वर्षानुवर्षांच्या धडपडीतून येते. उसनी घेतली की लगेच उघडी पडते.

२०२१ मध्ये टोकियोत हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला. पुरुषांच्या स्ट्रीट प्रकारात युतो होरिगोमेनं तिथे आणि पुन्हा २०२४ मध्ये पॅरिसला सुवर्णपदक जिंकलं. पण गुण आले की अवघडपणाची शर्यतही आली. फळी किती वेळा फिरली हे मोजता येतं. ती किती सहज फिरली, हे कसं मोजणार? ते पाहणाऱ्यानंच जपायला हवं. म्हणून पुढच्या वेळी एखादा पोरगा साधीच उडी घेताना दिसला, तर क्षणभर थांबून त्याचे खांदे पाहा. तो कोण आहे, ते तिथं कळेल.